एम १२ चे चार बोल्ट आणि चौदा महिने

२४ ऑक्टोबर २०२४, गुरुवार. दिवाळी आठवड्यावर आलेली, शेडमध्ये तीन मशिनं रंगून उभी होती, आणि दिंडोरीहून एका बागाईतदार काकांचा फोन आला. "ताई, ब्लोअरचा गिअरबॉक्स हलतोय. बोल्ट हातानं फिरतायत." छाटणी होऊन बागेत कोवळी फूट आलेली. अशा वेळी डाऊनी या बुरशीच्या रोगावरचा फवारा एक दिवस चुकला तरी वर्षाचं पीक हातातून जातं. मी आणि आमचे फिटर मामा, दोघं तासाभरात निघालो.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. ते अण्णांनी सुरू केलं, मी डिप्लोमा करून आले तेव्हापासून त्यांच्याबरोबर आहे. ट्रॅक्टरमागे लावायचे द्राक्षबागेचे फवारणी ब्लोअर आम्ही बनवतो. गिअरबॉक्स बाहेरून येतो. तो आमच्या फ्रेमच्या उभ्या प्लेटवर एम १२ च्या, म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाच्या, चार बोल्टांनी बसतो. हे चार बोल्ट नेमके किती आवळायचे, हा प्रश्न तोवर मी कधी कुणाला विचारलाच नव्हता. मामा आवळायचे, आणि मामांचा हात सगळ्यांना माहीत होता.

दिंडोरीत गेल्यावर पाहिलं तर दोन बोल्ट सैल होते आणि एक पडून गेलेला. उरलेल्या तिन्ही बोल्टांचे स्प्रिंग वॉशर जागच्या जागी, पण प्लेटला भोकाभोवती रंग घासून चकचकीत लोखंड दिसत होतं. मामांनी नवे बोल्ट घालून पान्याला पाईप लावून आवळले. काका म्हणाले, "आता तरी धरंल ना?" मी हो म्हणाले, आणि परत येताना गाडीत बसून विचार करत राहिले की हे हो मी कशाच्या जोरावर म्हणाले.

नोव्हेंबरात अजून दोन मशिनांची तीच तक्रार आली. एक निफाडची, एक पिंपळगावची. तेव्हा ठरवलं की हे मुळापासून करायचं.

पहिलं काम फुकटात झालं. मामांना सांगितलं, नेहमीसारखे आठ बोल्ट आवळा. मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरावर टिचकी देणारा पाना, लावून प्रत्येक बोल्ट पुढे हलायला किती लागतं ते बघितलं. सगळ्यात कमी ४५ न्यूटन मीटर, सगळ्यात जास्त ११०. मामा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. तीस वर्षं हातावर विश्वास ठेवून काम केलेल्या माणसाला हे दाखवणं मला जड गेलं. पण त्यांनीच सांगितलं, "ताई, सकाळचा हात आणि संध्याकाळचा हात सारखा नसतो. आकडा काढा, मी आकड्यानं आवळतो."

आकडा काढायचं सूत्र सोपं आहे: टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, हा के गुणिले बोल्टमधला ताण गुणिले बोल्टचा व्यास. के म्हणजे घर्षणावर ठरणारा गुणक. ८.८ ग्रेडच्या एम १२ बोल्टचं प्रूफ स्ट्रेस, म्हणजे कायमचा न ताणता बोल्ट सोसतो ती मर्यादा, ५८० मेगापास्कल, आट्यांचं ताण घेणारं क्षेत्रफळ ८४.३ चौरस मिलिमीटर. पुन्हा उघडायच्या जोडाला प्रूफच्या ७५ टक्के ताण धरतात. म्हणजे ३६.७ किलोन्यूटन, एका बोल्टमध्ये पावणेचार टनांच्या आसपास ओढ. कोरड्या बोल्टला के ०.२ धरतात. हिशेब आला ८८ न्यूटन मीटर. भिंतीवरच्या जुन्या तक्त्यातही एम १२ ला याच्या जवळचा आकडा होता. मला वाटलं, झालं काम.

२ डिसेंबरला ८८ वर रेंच लावून पहिलं मशीन बांधायला घेतलं. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलानं बोल्ट गंजू नयेत म्हणून आट्यांना छान ग्रीस लावलं होतं. तिसऱ्या बोल्टला रेंच टिचकी देईचना. पाना फिरत राहिला, जड होईना. मामांनी हात थांबवला आणि बोल्ट उलटा काढला. तो बोल्ट अजून माझ्या टेबलावर आहे. आट्यांच्या सुरुवातीला, नटाच्या जरा अलीकडे, बोट फिरवलं की कंबर लागते. तिथं पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर तपासायची दातेरी पट्टी, लावलं तर दोन दात बसतात, तिसरा आट्यावर चढतो. बोल्ट ताणून गेला होता.

त्या संध्याकाळी के म्हणजे काय ते मला खऱ्या अर्थानं कळलं. आपण पान्यावर जो जोर लावतो त्यातला साधारण निम्मा नटाच्या किंवा डोक्याच्या बुडाशी घासण्यात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांत जातो, आणि बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. ग्रीस लावलं की घासणं कमी होतं, के ०.२ वरून ०.१३ च्या आसपास येतो, आणि तेच ८८ न्यूटन मीटर बोल्टमध्ये ३७ ऐवजी ५६ किलोन्यूटन ओढ निर्माण करतात. त्या बोल्टची प्रूफची मर्यादा ४९ ची. मुलाची काहीच चूक नव्हती. चूक अशी की आमच्या तक्त्यावर आकडा होता, पण बोल्ट कोरडा की तेलाचा, हे लिहिलेलं नव्हतं. तुमच्याकडे असा तक्ता असेल तर आधी हे बघा. ते लिहिलेलं नसेल तर तो तक्ता उतरवून ठेवा.

मग रेंचवरच शंका आली. ४० ते २०० न्यूटन मीटरचा क्लिक रेंच, पाच वर्षं जुना, कधी तपासलेला नाही. नाशिकच्याच सातपूरची, एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली, कॅलिब्रेशन लॅब शोधली. पहिल्या फेरीत रेंच घेतलाच नाही, कारण हँडलवरचा सिरीयल नंबर पुसून गेला होता आणि ओळख नंबराशिवाय सर्टिफिकेट निघत नाही. परत येऊन एन्ग्रेव्हरनं आमचा स्वतःचा नंबर कोरला, लेटरहेडवर मागणीपत्र केलं, जीएसटीच्या दाखल्यावर फर्मचं नाव जसं आहे तसंच लिहिलं आणि पुन्हा गेले. फी १,२०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,४१६. पाच दिवसांनी सर्टिफिकेट मिळालं. पूर्ण क्षमतेच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवर तपासतात. आमचा रेंच खालच्या टोकाला ९ टक्के जास्त दाखवत होता. चालणारी चूक ४ टक्के. त्यांनी सेट करून दिला. त्याची वापराची वहीही ठेवायला सांगितली, कारण वर्षातून एकदा किंवा ५,००० वेळा वापर झाल्यावर, जे आधी येईल तेव्हा, पुन्हा तपासायचा असतो.

तिथल्या तंत्रज्ञांनी सांगितलेल्या चार गोष्टी मामांनी आता शेडमध्ये खडूनं लिहून ठेवल्यात. काम झालं की रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग बसते. त्यानं बोल्ट सोडवायचा नाही. मूठ धरायच्या जागीच धरायची आणि सावकाश ओढायचं. एकदा टिचकी वाजली की थांबायचं, खात्रीसाठी दुसरी टिचकी द्यायची नाही.

दरम्यान बोल्टांची पेटी उघडून बसले. डोक्यावर ८.८ लिहिलेलं, पण बनवणाऱ्याची खूण अर्ध्या बोल्टांवर नव्हतीच. नियमाप्रमाणे ग्रेड आणि बनवणाऱ्याची खूण, दोन्ही हवीत. जवळच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे सहा बोल्टांची हार्डनेस करून घेतली. या मापाला २२ ते ३२ एचआरसी (कडकपणा मोजायचं रॉकवेल माप) यायला हवी. खूण असलेले तिन्ही २६-२७ आले. बिनखुणेच्या तिघांतले दोन १७ च्या आसपास. म्हणजे इतके दिवस काही मशिनांत ८.८ च्या नावाखाली मऊ बोल्ट गेले होते. याचा मला फार त्रास झाला. दुकानदाराला माल परत दिला, पैसे मिळाले नाहीत. तेव्हापासून खोक्यावरचा लॉट नंबर आणि टेस्ट सर्टिफिकेट आल्याशिवाय मी माल उतरवून घेत नाही. बोल्टामागे दोन-तीन रुपये जास्त जातात.

आता खरा प्रश्न राहिला: आमच्या बोल्टाचा, आमच्या नटाचा, आमच्या वॉशरचा के किती? तो पुस्तकातून येत नाही, मोजावा लागतो. त्यासाठी बोल्टखाली वॉशरसारखा बसणारा लोड सेल लागतो. तो नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये आहे असं कळलं. १६ डिसेंबरला अर्ज दिला. प्राचार्यांच्या नावानं, विभागप्रमुखांमार्फत, लेटरहेडवर, चाचणीचा उद्देश आणि नमुन्यांची संख्या लिहून. टपाल खिडकीवर इनवर्ड नंबर आणि पोच घेतली. ही पोच जपून ठेवा, कारण परीक्षा सुरू होत्या, सर बाहेर होते, आणि दहा दिवसांनी चौकशी केली तेव्हा अर्ज सापडत नव्हता. इनवर्ड नंबर सांगितल्यावर अर्ध्या तासात सापडला. ३,५०० अधिक जीएसटी, ४,१३० रुपये चलनानं भरले आणि ९ जानेवारी २०२५ ची तारीख मिळाली. चोवीस दिवस वाट बघितली.

त्या दिवशी मी आणि मामा सकाळी दहाला पोचलो. बरोबर झिंक प्लेटिंगचे चाळीस नवे बोल्ट, तेवढेच नट, जाड कडक वॉशर, आमचाच रेंच. लॅबमधल्या मॅडमनी एक गोष्ट बजावली: दुकानात जसं आवळता तसंच इथं आवळा, उगाच जास्त काळजी घेऊ नका.

कोरडे दहा बोल्ट ७५ न्यूटन मीटरवर आवळले. पडद्यावर ओढ आली २६ ते ३६ किलोन्यूटन. तोच रेंच, तोच माणूस, एकाच खोक्यातले बोल्ट, आणि दहा किलोन्यूटनांचा फरक. मग पुढच्या दहा बोल्टांच्या आट्यांना आणि नटाच्या बुडाला मशीन ऑइलचा एकेक थेंब लावला. ७५ वरच ओढ आली ३८ ते ४४. जास्त आली, पण फरक बराच कमी झाला. पुढचे दहा तेल लावून ६५ वर: ३३ ते ३८. हिशेबातला ३६.७ याच्या आतच बसतो. मामा म्हणाले, "हाच आपला आकडा." म्हणजे आमच्या जोडाला के आला ०.१४ ते ०.१६ च्या दरम्यान.

उरलेल्यातला एक बोल्ट कोरडाच पाच वेळा सोडून पुन्हा ७५ वर आवळला. पहिल्यांदा ३१, पाचव्या वेळी २२. झिंकचा थर घासून खरबरीत होतो आणि तेवढाच जोर लावून ओढ कमी मिळते. सर्व्हिसला गेल्यावर जुनाच बोल्ट पुन्हा लावायची आमची सवय होती. ती त्याच दिवशी बंद केली.

पण ३६ किलोन्यूटन पुरेसे आहेत का? हे विचारायला मी उशीर केला. खरं तर हा पहिला प्रश्न असायला हवा होता. घरी येऊन हिशेब मांडला. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरची मागची फिरती दांडी, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर २० किलोवॅट देतो असं धरलं तर शाफ्टवर ३५४ न्यूटन मीटर येतात. बोल्ट मध्यापासून ८५ मिलिमीटरवर आहेत, म्हणजे चौघांवर मिळून ४.२ किलोन्यूटनांचा आडवा जोर. क्लच झटक्यात सुटतो म्हणून तिप्पट धरला: साडेबारा. गिअरबॉक्स प्लेटवरून सरकू द्यायचा नसेल तर हा जोर घर्षणानं पेलायला हवा. घर्षण ०.१५ धरलं तर एका बोल्टला किमान २१ किलोन्यूटनांची पकड लागते, आणि तीसुद्धा आवळताना नाही, कायम.

सरकणं का टाळायचं याचं कारण गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये मांडलं. बोल्ट सैल होतो तो मुख्यतः आडव्या हालचालीनं. जोड थोडा जरी आडवा सरकू लागला की आट्यांमधलं घर्षण त्या दिशेत खर्ची पडतं आणि नट आपोआप उलटा फिरायला लागतो. स्प्रिंग वॉशर याला अडवू शकत नाही. तो थोड्याशाच जोरावर सपाट होतो आणि मग साध्या वॉशरइतकाच उरतो. दिंडोरीत स्प्रिंग वॉशर घातलेले होते, तरी बोल्ट पडला, त्याचं उत्तर मला इथं मिळालं.

पण कोरड्या बोल्टांत सगळ्यात कमी ओढसुद्धा २६ होती, मग २१ च्या खाली कसे आलो? याचं उत्तर रंगात होतं. आमच्या प्लेटची आणि गिअरबॉक्सच्या फ्लँजची, म्हणजे बोल्ट बसतात त्या कडेची, जाडी मिळून बोल्टच्या पकडीची लांबी २४ मिलिमीटर. एवढा आखूड बोल्ट ३६ किलोन्यूटनांनी किती लांबतो? पकडीतला भाग धरला तर पाच शतांश मिलिमीटर. आणि आमचं पावडर कोटिंग एका बाजूला ८० मायक्रॉन, म्हणजे आठ शतांश. बोल्टच्या एकूण ताणापेक्षा रंगाचा एक थर जाड! तो थर दाबाखाली, उन्हात, हादऱ्यानं नुसता दोन शतांश जरी बसला तरी पकडीच्या जोराचा चौथा ते तिसरा हिस्सा जातो. २६ चे राहतात अठरा-वीस. त्यात आम्ही जुळणी सोपी व्हावी म्हणून प्लेटला लांबट भोकं ठेवलेली. पिंपळगावच्या मशिनाचे वॉशर काढून बघितले तर ते भोकात वाटीसारखे खोल बसले होते. टेबलावर उलटा ठेवला की वॉशर डुलायचा.

फेब्रुवारी पूर्ण याच दुरुस्तीत गेला. लांबट भोकं बंद करून गोल १३.५ ची केली. गिअरबॉक्स बसतो तिथं आणि वॉशरच्या जागी रंग बसू नये म्हणून पावडर कोटिंगआधी मास्किंग टेप लावायला सांगितलं. कोटिंगवाल्यांनी प्लेटमागे चाळीस रुपये वाढवले. स्प्रिंग वॉशर काढले. आणि सगळ्यात फायद्याची गोष्ट: प्लेटच्या मागे ३६ मिलिमीटर लांबीचे बुश, म्हणजे नळीसारखे तुकडे, घातले, पकडीची लांबी २४ वरून ६० झाली, बोल्ट ४५ ऐवजी ८० लांबीचा. लांब बोल्ट जास्त ताणतो, आमच्याकडे सुमारे ०.१३ मिलिमीटर. आता दोन शतांश बसलं तरी जेमतेम सातवा हिस्सा जातो. पकडीची लांबी व्यासाच्या निदान तीन-चार पट असावी हे डिप्लोमात शिकले होते. त्याचा अर्थ अकरा वर्षांनी हातात आला. एका मशिनाला बुश, लांब बोल्ट, वॉशर आणि मास्किंग धरून सगळा जास्तीचा खर्च ३४० रुपये.

बोल्ट लांब झाल्याचा आणखी एक फायदा, आणि लोड सेल नसलेल्यांनी हा नक्की करून बघावा. बोल्टची दोन्ही टोकं उघडी असली तर ७५ ते १०० चा मायक्रोमीटर लावून आवळण्याआधीची आणि नंतरची लांबी मोजता येते. आम्ही दोन्ही टोकं सपाट घासून मधे बारीक सेंटर मारले आणि त्यात छोट्या बेअरिंगच्या गोळ्या टेकवून माप घेतलं. फरक हाच बोल्टचा ताण. मशीन गार असताना, सकाळी, एकाच माणसानं माप घ्यायचं. रेंच फक्त घासणं अधिक ताण असं मिळून दाखवतो. मायक्रोमीटर नुसता ताण दाखवतो.

१७ मार्चला पहिलं मशीन नव्या पद्धतीनं बांधलं. चारही बोल्ट समोरासमोर, फुलीच्या क्रमानं, आधी ४० वर, मग ६५ वर. शेवटी ठरलेल्या आकड्यावर एक पूर्ण फेरी, कारण चौथा आवळला की पहिला थोडा सुटतो. मग नट आणि प्लेटवरून आरपार पांढऱ्या मार्करची रेघ. चार बोल्टांची लांबी वहीत. शेडमध्येच ट्रॅक्टर लावून दहा तास चालवलं. ०.१३ चे ०.१२ राहिले. पन्नास तासांनंतरही ०.१२. त्या रात्री मी नीट झोपले.

एप्रिल ते ऑगस्ट जुनी अकरा मशिनं परत बोलावून त्यांची प्लेट बदलून दिली. पैसे घेतले नाहीत. दोघांनी मशीन पाठवायला नकार दिला, तिथं मी आणि मामा सामान घेऊन गेलो. कामाच्या कागदावर आता पाच गोष्टी लिहिलेल्या असतात: बोल्टचा लॉट नंबर, तेल लावलं की नाही, आकडा, रेंचचा नंबर, आवळणाऱ्याची सही. नुसता ६५ कुठंही लिहायचा नाही, ६५ तेलासह असंच लिहायचं. तुमचा बोल्ट, तुमचं प्लेटिंग वेगळं असेल तर हा ६५ तुमच्या कामाचा नाही. तुमचे दहा बोल्ट घेऊन लॅबमध्ये जा.

२०२५ च्या छाटणीनंतर, १२ डिसेंबरला, आम्ही पुन्हा दिंडोरीला गेलो. काकांच्या मशिनानं हंगामात १४० तास काम केलं होतं. चिखलानं माखलेली प्लेट मामांनी फडक्यानं पुसली. चारही नटांवरची पांढरी रेघ प्लेटवरच्या रेघेला लागून होती. मायक्रोमीटर लावला: ०.१२, ०.१२, ०.११, ०.१२. काकांनी विचारलं, "आवळायचे का थोडे?" मामा म्हणाले, "नाही काका, हात लावायचा नाही," आणि वहीत चार आकडे लिहून सही केली.